अपग्रेडचे वीस हजार नेमके कशाचे?

संगणकाची रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती) आणि एसएसडी (फायली कायम साठवणारा भाग) कंपनीकडूनच वाढवून घ्यावी, कारण तिचा माल वेगळ्या दर्जाचा असतो, बाहेरचा भाग बसवला की वॉरंटी जाते आणि आता तर बाहेरचा पर्यायच उरलेला नाही, असे प्रतिपादन बरेच दिवस फिरते आहे. ॲपलच्या संगणकांबाबत ते विशेष ठामपणे केले जाते, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेतो.

दर्जाचा मुद्दा सर्वांत दुबळा आहे. रॅम ज्यांपासून बनते त्या डीरॅम चिपपैकी जगातील बहुतेक सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. संगणकावर छाप कोणाचीही असो, आतली चिप बहुधा यांच्यापैकीच एकीची असते. 2020 चा 27 इंची आयमॅक अमेरिकेत 1,799 डॉलरपासून मिळत असे आणि त्यातील 8 जीबी रॅम 128 जीबी करून घ्यायची, तर ॲपल आणखी 2,600 डॉलर घेत असे. तेवढीच रॅम बाहेर याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती.

वॉरंटीविषयी सांगायचे तर, याच आयमॅकच्या मागे रॅमसाठी उघडणारे झाकण होते आणि रॅम कशी बदलावी याची सचित्र माहिती खुद्द ॲपलने दिलेली होती. अमेरिकेतील 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग वापरला म्हणून वॉरंटी सर्वसाधारणपणे नाकारता येत नाही. बसवताना काही मोडले, तर तो भुर्दंड अर्थातच आपला.

पर्याय उरलेला नाही, हे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे. ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेतील चिपवर (एम1, एम4 वगैरे) चालणाऱ्या मॅकमध्ये रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते, त्यामुळे ती नंतर वाढवता येत नाही. या रचनेमागे वेगाचे आणि वीजबचतीचे खरे तांत्रिक कारण आहे, पण ते रचनेचे कारण आहे, दराचे नव्हे. 2024 चा मॅक मिनी भारतात 59,900 रुपयांना आला, तेव्हा 8 जीबी जादा रॅमचे 20,000 आणि 256 ऐवजी 512 जीबी एसएसडीचे आणखी 20,000 रुपये लागत होते. त्याच सुमारास बाजारात 1 टीबीची (सुमारे 1,000 जीबी) चांगली वेगवान, एनव्हीएमई प्रकारची एसएसडी दहा हजारांच्या आत मिळत होती. या मिनीतील एसएसडी निघू शकणाऱ्या कार्डावर आहे. तिचे काम सांभाळणारा कंट्रोलर मिनीच्या एम4 चिपमध्येच असल्यामुळे बाजारात मिळणारी नेहमीची, एम.2 आकाराची एसएसडी तिथे चालत नाही, परंतु इतरांनी बनवलेली सुसंगत कार्डे मिळतात. ती बसवल्यावर मॅकओएस ही कार्यप्रणाली पुन्हा चढवण्यासाठी दुसरा मॅक लागतो, ही खटपट नको असेल तर थंडरबोल्ट या वेगवान पोर्टवर बाहेरून जोडलेली एसएसडी बहुतेकांच्या कामाला पुरते. रॅमचा निर्णय तेवढा खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो.

बाहेरचे ते नेहमीच स्वस्त, असा उलटा दावाही मी करणार नाही. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे सुट्या रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल ब्रँड आवरता घेत असल्याचे जाहीर केले. रॅम नंतर बदलता येईल असा स्लॉट (खाच) असलेला संगणक घेतानाही त्या दिवसाचा सुट्या रॅमचा भाव विचारून मगच कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहावा.