शालीआधी मस्टर बघा

विषय निघाला एका छापील अर्जावरून. औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांनी ८ मार्चला ‘महिलांना पुढे आणणाऱ्या आस्थापनां’चा सत्कार करायचं ठरवलंय, आणि त्याचा अर्ज फिरत फिरत चहाच्या टपरीवर आला. रकाने चारच. कंपनीचं नाव, एकूण कामगार, त्यात महिला किती, आणि ‘महिलांसाठी राबवलेले उपक्रम (फोटोंसह)’. कट्ट्यावर नेहमीची मंडळी होती. लेबर ऑफिसातून निवृत्त झालेले आबा, कामगार कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकीलताई, तीसएक माणसांचं मशीन शॉप चालवणारे दादा आणि युनियनचे बापू.

“फोटोंसह!” बापूंनी मोठ्यानं वाचलं. “म्हणजे हळदीकुंकू आणि रांगोळी स्पर्धा. यावरून बाई पुढं गेली की नाही ते कसं कळायचं?”

दादांना ते लागलं. “अहो, सुरुवात तरी होतेय ना. आमच्या धंद्यात चांगलं करणाऱ्याचं कुणी नावसुद्धा घेत नाही. चार लोकांत एखाद्याच्या खांद्यावर शाल पडली तर शेजारचा प्लॉटवालाही विचार करेल.”

“शाल द्यायला माझा विरोध नाही,” वकीलताई म्हणाल्या. “पण कायद्यानं जे करावंच लागतं, त्याला गुण नकोत. तो गेटपास समजा. तो नसेल तर अर्ज आत घ्यायचाच नाही. अंतर्गत समितीचंच घ्या. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगतो, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं समिती हवी. युनिटं दोन ठिकाणी असतील तर समित्या दोन. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, किमान निम्म्या सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरचा. आणि प्रत्यक्षात काय दिसतं? बोर्डावर यादी असते, तिच्यातली अध्यक्षबाई कधीच नोकरी सोडून गेलेली असते आणि बाहेरचे सदस्य म्हणजे मालकांचेच सीए. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, ती संपल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं. म्हणून नुसती यादी मागू नका. बाहेरच्या सदस्याला फोन लावा आणि शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. जिल्हा अधिकाऱ्याकडे वार्षिक अहवाल गेला असेल तर त्याची पोच बघा.”

“आणि ज्याच्याकडे एकही तक्रार नाही, त्याला जास्त गुण?” दादांनी विचारलं.

“मुळीच नाही. शून्याला गुण दिले की पुढच्या वर्षी तक्रार दाबणाऱ्यालाच बक्षीस मिळणार. दोन-तीनशे बायका काम करतात तिथं वर्षानुवर्षं शून्य येत असेल, तर समिती आहे हे त्या बायकांना माहीतच नाही, असं मी धरून चालते. मोजायचं ते वेगळं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करता येते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. समितीचा अहवाल आल्यावर मालकानं ६० दिवसांत कारवाई करायची. आलेल्या तक्रारींपैकी किती या मुदतीत बसल्या, एवढंच विचारा.”

आबांनी मान हलवली. “मुदतीत म्हणजे घाईनंही नव्हे. गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२३ साली तेच सांगितलं. समितीनं एकामागून एक बैठका उरकल्या, समोरच्याला बाजू मांडायला पुरता वेळ दिला नाही, म्हणून सगळी कारवाई रद्द होऊन प्रकरण परत समितीकडे गेलं. तक्रार करणाऱ्या बायकांना पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागलं. समितीला चौकशी कशी चालवायची ते शिकवलंय का, हा प्रश्न अर्जात हवा. त्याचा फोटो येत नाही, पण बाईचं रक्षण त्यावर अवलंबून असतं.”

आबांनी अर्ज पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर रेघा ओढल्या. “आता गुण कशाला द्यायचे ते बघू. माझ्या मते सगळं मस्टरमध्ये असतं. तीन वर्षांचं मस्टर आणि पगारपत्रक समोर घ्या आणि बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या प्रत्येक बाईचं नाव बोटानं धरून पुढं न्या. सव्वीस आठवडे रजेची खूण दिसेल. त्याच्या पुढच्या महिन्यात काय दिसतं? तिघींची गत तीन तऱ्हेची असते. एकीचं नाव त्याच टोकन नंबरावर, म्हणजे कामगाराच्या ओळख क्रमांकावर, परत येतं. दुसरीचं येतच नाही. तिसरीचं येतं, पण नव्या टोकन नंबरानं आणि नव्या रुजू तारखेनं.”

“ही तिसरीच खरी गोम,” बापू म्हणाले.

“हो. रजेवर जाताना तिच्याकडून राजीनामा लिहून घेतलेला असतो. परत आल्यावर ती कागदावर नवी कामगार. रजेसकट सलग धरायची तिची नोकरी तिथं तुटते, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा एकपासून मोजायची आणि जुनी वेतनवाढ गेली. अर्जावर मात्र ‘रजेवरून परतल्या: शंभर टक्के’ असं लिहायला मालक मोकळा. म्हणून टोकन नंबर जुळवायचाच. आणि परतल्यावर बारा महिन्यांनी ती कामावर आहे का, तेही बघायचं. शेअर बाजारातल्या वरच्या १,००० कंपन्यांकडून सेबी, म्हणजे त्या बाजारावर देखरेख करणारी संस्था, हेच दोन आकडे मागते, किती परतल्या आणि वर्षानं किती टिकल्या. आपल्या वसाहतीतल्या वीस माणसांच्या शेडला ते काढायला दोन तास पुरतात.”

बापूंनी खुर्ची पुढं ओढली. “आबा, मस्टर खरं बोलतं, पण हुद्दा खोटं बोलतो. सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, लायनीवर उभं राहून बघा. पाच नंबरच्या मशीनवर पोरगा, सहा नंबरवर पोरगी. दोघंही जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनला लावतात, दोघंही गेजनं माप घेतात, दोघांचा शिफ्टचा नग सारखा. पगारपत्रकात तो ऑपरेटर आणि ती हेल्पर. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ पासून आहे, पण हुद्दाच वेगळा लिहिला की कागदावर काम समान उरतच नाही. म्हणून तपासणाऱ्यानं ऑफिसात बसून चालायचं नाही. मशीन नंबर लिहायचा, पुढं उभ्या माणसाचं नाव लिहायचं आणि मग पगाराची स्लिप मागायची.”

“आणि सेटिंग,” दादा स्वतःहून म्हणाले. या विषयावर दादांइतकं बारकाईनं बोलणारं कट्ट्यावर दुसरं कुणी नाही. “आमच्या कामात बढतीची पायरी म्हणजे सेटिंग. टूल बदलणं, ऑफसेट म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनला देणं, पहिला नग पास करून घेणं. हे ज्याला येतं तो सेटर, सेटरचा लायन लीडर, तिथून सुपरवायझर. सेटिंग बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या शिफ्टच्या सुरुवातीला, जॉब बदलताना शिकवलं जातं, आणि बायका जनरल शिफ्टला. म्हणजे कुणी मुद्दाम अडवलं नाही तरी ती दहा वर्षं जॉबच लावत राहते. सेटिंगचे बदल जनरल शिफ्टला आणले, महिन्यातून चार दिवस ठरवून, की वर्षभरात बाई सेटर होते. मला विचाराल तर सगळ्यात जास्त गुण याला द्या. किती बायका कामावर आहेत हे नंतर. मशीनचं सेटिंग स्वतः करणाऱ्या किती, हे आधी.”

यावर कुणाचं दुमत नव्हतं. रात्रपाळीचा मुद्दा मग लवकर आटोपला. बाईची लेखी संमती, घराच्या दारापर्यंत गाडी आणि शिफ्टला एकटी नको. गाडी चौकात सोडत असेल तर गुण कापायचे.

खरा वाद पैशावर झाला. दादा म्हणाले, “मालकानं काय करायचं, तेवढंच तुम्ही सगळे मोजताय. छोट्या मालकाला बाई घेताना भीती कशाची वाटते ते बोला ना. सव्वीस आठवड्यांचा पगार. एवढ्यासाठी लोक मुलाखतीतच मुलगी टाळतात. कुणी कबूल करत नाही, पण टाळतात.”

“पगार किती धरताय?” आबांनी विचारलं.

“अठरा हजार धरा.”

“मग रजेचा पगार तुमच्या खिशातून जातच नाही. एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर ती ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत. अठरा हजारांवर तुमचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे महिन्याला ५८५ रुपये. तिचा पाऊण टक्का, १३५ रुपये. बाळंतपणाचा पूर्ण पगार ईएसआय देतं. अट एवढीच, की आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन वर्गणी-कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. अडतं ते इथंच. ठेकेदार पगारातून कापतो आणि भरत नाही, किंवा माहेरच्या नावानं नोंद असते आणि आधारवर सासरचं नाव. बाई आठव्या महिन्यात कार्यालयात जाते तेव्हा हे कळतं. ठेकेदारानं भरलं नाही तर ती रक्कम मुख्य मालकाला भरावी लागते, हे कायद्यात स्पष्ट आहे. दर तिमाहीला आपल्या ठेकेदाराच्या चलनावरची नावं मस्टरशी ताडून बघणारा मालक मला दाखवा, त्याला शाल मी स्वतः घालतो.”

“आणि पगार तीस हजार असेल तर? क्वालिटीतली इंजिनिअर मुलगी?”

“तेव्हा तुमचं म्हणणं खरं आहे,” वकीलताईंनी मान्य केलं. “सहा महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार मालकाचे, वर बदलीच्या माणसाचा पगार. हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि हा बोजा मुख्यतः सरकारनं उचलावा, लोकांचं कल्याण जपणं हे आधी सरकारचं काम आहे, असं मांडलं. पण मालकाला त्यांनी मोकळं सोडलं नाही. बाईच्या कामातून फायदा घेणाऱ्यानंही भार सोसला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये कायदा झाला. जवळपास शंभर वर्षांनी आपण कट्ट्यावर तोच हिशेब मांडतोय. सरकारनं वाटा उचलावा म्हणून दादांनी जरूर भांडावं, मी अर्ज लिहून देते. पण त्या भांडणापायी मुलाखतीला आलेल्या मुलीला परत पाठवणं मला मान्य नाही.”

दादा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं, पाळणाघर घ्या. पन्नास माणसांना ते सक्तीचं. आमच्या लेनमध्ये कुणाकडेच पन्नास नाहीत. म्हणजे लहानांना गुण मिळणारच नाहीत का?”

सगळ्यात उपयोगी बोलणं यावर झालं. पन्नास म्हणजे पन्नास बायका नव्हेत, बाप्ये धरून पन्नास, हे अनेकांना ठाऊक नसतं. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे, आणि नेमणुकीच्या वेळीच हे हक्क तिला लेखी कळवायचे असतात. अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायला सामाजिक सुरक्षा संहितेत मुभा आहे. वीस-वीस माणसांची सहा युनिटं एकत्र आली तर मधल्या एका शेडमध्ये ते सहज बसतं. चालत पाच मिनिटांच्या आत हवं, नाहीतर चार फेऱ्या फक्त कागदावर राहतात. भाडं माणसांच्या प्रमाणात वाटायचं, मुलं सांभाळणाऱ्या आयांचा पगार एकाच युनिटच्या नावावर ठेवायचा, म्हणजे पगार थकला तर जाब कुणाला विचारायचा ते ठरलेलं असतं. अशी पाळणाघरं बंद पडतात ती बहुधा याच कारणानं. पहिल्या वर्षी सगळे उत्साहानं देतात, दुसऱ्या वर्षी मंदी आली की दोघं हात काढतात आणि आया सोडून जाते. बघणाऱ्यानं खोली बघून भुलू नये. भिंतीवरची कार्टूनं नवी असतात आणि कोपऱ्यात पॅकिंगचे खोके रचलेले असतात. मुलांची हजेरीवही उघडायची. गेल्या मंगळवारी किती मुलं होती, त्यांना दूध कुणी दिलं?

“म्हणजे पुरस्कार एका कंपनीला न देता, लेन एकत्र करणाऱ्या माणसाला द्यायला हवा,” दादा म्हणाले, आणि आबांनी तसा एक रकाना वाढवला.

बापू मात्र अजून थांबायला तयार नव्हते. “आपल्या भागात बाईला राबवणारा सगळ्यात मोठा उद्योग कोणता? साखर. आणि कारखान्याच्या पटावर ऊस तोडणारी एकही बाई नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात, हिशेब मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत, तिचं नाव कुठंच नाही. पाळीच्या दिवसांतसुद्धा खाडा परवडत नाही म्हणून बायकांनी गर्भाशयं काढून घेतली. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर १३ हजारांहून जास्त जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. उद्या एखाद्या कारखान्याच्या अध्यक्षांचा अर्ज आला, ऑफिसातल्या चाळीस बायका दाखवून, तर?”

“कायद्यानं ते त्यांचे मालक नाहीत, मुकादम आहे,” दादा म्हणाले.

“ऊस कुणाच्या गव्हाणीत पडतो?” बापूंनी विचारलं.

वकीलताईंनी मधला रस्ता सुचवला. कायद्याचा वाद कोर्टात चालू दे, सत्कार करणाऱ्यांना आपली अट घालता येते. कारखान्यानं बाईच्या नावाचं वेगळं खातं काढून तिच्या वाट्याची मजुरी तिथं भरली का, पालांजवळ न्हाणीघर आणि संडास उभे केले का, आजारपणाचा खाडा कापणं मुकादमाच्या करारातून काढलं का. तिन्हींपैकी निदान दोन केलं असेल तरच अर्ज घ्यायचा. आबांना ‘दोन’ मान्य नव्हतं, त्यांना तिन्ही हवे होते. यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

आबांनी सगळ्यात वर एक रकाना लिहिला: ‘ठेकेदाराचे किंवा मुकादमाचे नाव आणि त्याच्याकडील महिलांची संख्या’.

“हा रकाना ठेवलात तर निम्मे अर्ज येणार नाहीत,” दादा म्हणाले.

“उरलेले निम्मे नीट तपासता येतील,” आबा म्हणाले. “पण पाहणी फेब्रुवारीवर ढकलू नका. डिसेंबरातच करायची. मार्चमध्ये हंगाम संपत येतो, पालं उठतात, आणि ज्यांना विचारायचं त्या बायका गावाकडं निघालेल्या असतात.”