वाळवण

परवाच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मासिक सभेत, पार्किंगचे भांडण आटोपल्यानंतर आणि चहा येण्यापूर्वी, सचिवांनी मला उभे राहून गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या गळतीविषयी निवेदन करण्याची विनंती केली. टाकीला गळती नाही, आणि असती तरी ती सर्वांत आधी मला कळावी असे काही कारण नाही. परंतु गच्चीच्या किल्लीच्या नोंदवहीत गेल्या पंधरा दिवसांत माझ्या नावापुढे सव्वीस वेळा ‘टाकी’ असे कारण नोंदलेले असल्यामुळे, मी काहीतरी दडवून ठेवतो आहे असे सभेचे मत झाले होते. ‘मी टोमॅटोंना पाणी घालायला जातो’ हे माझे उत्तर कोणालाही पटले नाही. बाकरवडीची बशी माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यात चुरा उरला होता.

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी अठ्ठ्याण्णव खणांच्या प्रो-ट्रेतील, म्हणजे रोपे तयार करायच्या प्लास्टिकच्या ट्रेतील, चाळीस खणांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळ खत भरून, प्रत्येक खणात एकेक बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरले. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत त्यांपैकी ३१ उगवली. आमच्या खिडकीसमोर नवी इमारत उभी राहिल्यापासून घरात ऊन केवळ ऐकिवात असल्याने, ती सारी रोपे उजेडाच्या दिशेने माना वळवून लुकडी आणि लांब होत गेली, आणि मी रोज सकाळी उठून ट्रे अर्धा फिरवत गेलो. मध्यंतरी माझा पाण्याचा हात सैल पडला आणि एका रात्रीत सात रोपे मर रोगाने गेली. संध्याकाळी ताठ उभे असलेले रोप सकाळी मातीलगत दोऱ्याएवढे बारीक होऊन आडवे पडलेले असते आणि त्याची पाने मात्र अजून हिरवीगार असतात, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याला माझे दुःख समजणार नाही. उरली चोवीस.

महिन्याभराने या चोवीस रोपांना बाहेरच्या जगाची सवय लावणे भाग होते. घरात वाढलेल्या रोपाच्या पानावरचे मेणाचे कवच पातळ असते. त्याला एकदम उघड्या उन्हात ठेवले तर पान भाजून पांढरे पडते. म्हणून पहिल्या दिवशी सकाळचे तासभर कोवळे ऊन, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे वाढवत आठवडाभरात त्याला दिवसभराच्या उन्हावर आणायचे असते, आणि त्याच वेळी पाणीही थोडे तोडायचे असते, म्हणजे खोड कणखर होते. नारायणगावाकडच्या रोपवाटिकांतही लागवडीआधी चार-पाच दिवस पाणी तोडून रोपे काटक करतात. फरक एवढाच की त्यांना त्यासाठी गच्चीची किल्ली मागावी लागत नाही.

आमच्या गच्चीची किल्ली तिसऱ्या मजल्यावरील एका काकांकडे असते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. परंतु खाते त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही. किल्लीसोबत त्यांनी एक लांब नोंदवही ठेवली आहे, आणि तिच्यात दिनांक, नाव, सदनिका, किल्ली नेल्याची वेळ, परत केल्याची वेळ, कारण आणि सही असे रकाने लाल शाईने आखले आहेत. गच्ची उघडून पंधरा मिनिटांच्या आत कुलूप लावून किल्ली परत करायची, आणि पुन्हा हवी असल्यास पुन्हा नोंद करायची, असा नियम आहे. पहिल्या दिवशी मी ट्रे छातीशी धरून त्यांच्या दारात उभा राहिलो.

“कारण?”

“रोपांना ऊन दाखवायचंय, काका.”

“ऊन हे कारण होत नाही.” त्यांनी पेन खाली ठेवले. “ऊन गच्चीवर असतंच. तुम्ही वर जाऊन काय करणार, ते सांगा.”

“काहीच करणार नाही. ट्रे ठेवणार आणि तासाभरानं खाली आणणार.”

“आणि उद्या?”

“उद्या दोन तास.”

“परवा तीन?” त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच ओळखीचे हसू उमटले. “म्हणजे आवर्तन म्हणा की!” मग ते हसू मावळले. “पण आवर्तन कालव्याच्या पाण्याचं असतं. उन्हाचं आवर्तन बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी मंजूर केलेलं नाही.”

यानंतर त्यांनी नोंदवहीची मागील पाने उलटून मला आजवरची मान्य कारणे वाचून दाखवली. पापड, कुरडया, डिश अँटेना, गादी, टाकी, पुन्हा पापड. एका पोराने एकदा ‘पतंग’ असे कारण दिले होते, ते त्यांनी त्याच्या वडिलांना बोलावून फेटाळले होते. हे वाचन चालू असताना माझे हात भरून आले होते. वाचता वाचता त्यांनी एक रोप चिमटीत धरून चुरगळले आणि बोटे नाकाशी नेली. टोमॅटोच्या पानाला एक उग्र, हिरवा वास असतो आणि त्याचा पिवळट डाग हाताला बराच वेळ राहतो. काकांनी तो नोंदवहीलाच पुसला. त्या पानावर त्यांचे बोट अजून उमटलेले आहे.

“मिरची का?”

“टोमॅटो.”

“टोमॅटो! बाजारात काय भाव आहे, ठाऊक आहे ना?”

हा प्रश्न मला वॉचमनने, दूधवाल्याने, माझ्या मेव्हण्याने आणि लिफ्टमधील एका अनोळखी बाईंनीही विचारलेला आहे, आणि त्याचा मला आता खरोखर वीट आला आहे. गच्चीवर सतार घेऊन निघालेल्या माणसाला कोणी सिनेमाच्या तिकिटाचा भाव सांगत नाही. शिवाय भावाची एवढी जाण असलेली हीच मंडळी २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला तेव्हा दोन-दोन टोमॅटो विकत घेऊन आमटीत चिंच ढकलत होती. त्याच वर्षी पुढे काही आठवड्यांतच घाऊक भाव कोसळले आणि नाशिककडच्या शेतकऱ्यांवर क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतण्याची वेळ आली, त्या बातमीवर मात्र आमच्या इमारतीच्या गटावर एकही अक्षर उमटले नाही. उमटले ते ‘आता स्वस्त झाले, दहा किलो आणून सॉस करून ठेवा’ एवढेच. वीस किलोंचा एक क्रेट भरायला किती रोपे, किती फवारण्या आणि किती रात्री लागतात याचा हिशोब काकांच्या नोंदवहीतल्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. असो. मी काही शेतकरी नव्हे; माझ्याजवळ चोवीस रोपे होती आणि दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या.

“उन्हात ठेवायचं आणि मग काढायचं,” काका स्वतःशीच म्हणाले, आणि मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिले: ‘वाळवण’.

“वाळवण नव्हे, काका. वाळू नयेत म्हणूनच तर हा खटाटोप.”

“सदर तेच. सही करा.”

तीन दिवस मी सही केली. चौथ्या दिवशी, सकाळी साडेआठला ट्रे वर ठेवून किल्ली परत केली, आणि साडेबाराला तो उतरवायचा या बेताने कार्यालयाच्या ऑनलाइन बैठकीला बसलो. ज्या बैठकीत आपले काहीच काम नसते ती बैठक नेमकी लांबते. एक वाजून सात मिनिटांनी मी काकांची घंटा वाजवली, तेव्हा दारावरची ‘दुपारी १ ते ४ घंटा वाजवू नये’ ही पाटी मला दिसली नव्हती असे नाही. सेफ्टी डोअरच्या जाळीआड काकू आल्या.

“झोपलेत.”

“फक्त किल्ली हवी होती, काकू.”

“उशीखाली आहे.”

“माझा ट्रे वर उन्हात राहिलाय हो.”

काकूंनी आत जाऊन नोंदवही पाहिली. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या आवाजात मला धीर देण्याचा खरा, मनापासूनचा प्रयत्न होता. “अहो, वाळवणच आहे ना? मग राहू द्या की. आज ऊन छान आहे, खडखडीत वाळेल.”

ऑक्टोबरातल्या त्या खडखडीत उन्हात ट्रे चार वाजून दहा मिनिटांपर्यंत राहिला. ट्रेचे छोटे खण किती लवकर कोरडे पडतात हे मला माहीत होते, म्हणून मी फारशा आशेने वर गेलो नव्हतो. पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे उठले होते, शेंडे करपले होते, आणि कोकोपीट आक्रसून खणाच्या कडांपासून सुटले होते. काका मागे हात बांधून माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “नाजूक होती तुमची रोपं.” हे वाक्य मी त्यांना अद्याप माफ केलेले नाही, मुख्यतः ते खरे असल्यामुळे.

नऊ वाचली. त्यांची खोडे पहिल्या पानांपर्यंत कुंडीच्या मातीत पुरली, कारण टोमॅटोच्या पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात आणि लुकडेपणाची लाज थोडी झाकली जाते. त्यांतली दोन काकांनी मागून नेली. उरलेल्या सातांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे होते, म्हणून मी कारणाच्या रकान्यात ‘पाणी’ असे सांगितले. काकांनी ते ऐकून घेतले, आणि पाणी या सदराखाली टाकीच येते असे समजावून ‘टाकी’ असे लिहिले. पुढचे सभेत झाले.

आज सकाळी सातला माझ्या दाराची घंटा वाजली. काका कुंडी घेऊन उभे होते. “तुमच्या झाडानं मान टाकलीय,” ते म्हणाले, जणू त्यांच्या घरी राहायला आलेला माझा भाचा आजारी पडला होता. कुंडी पंधरा दिवस दिवाणखान्यात टीव्हीशेजारी होती. “त्याला ऊन सोसत नाही ना! तुमच्या ट्रेचं झालं ते पाहिलं होतं मी.” ऊन रोज थोडे थोडे वाढवावे लागते हे मी त्यांना पुन्हा एकदा, सावकाश सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि ते थेट गच्चीवर गेले.

थोड्या वेळाने मी किल्ली आणायला खाली उतरलो. नोंदवही उघडीच होती. शेवटच्या ओळीत त्यांचे नाव होते, सदनिका होती, वेळ होती, आणि कारणाच्या रकान्यात स्वच्छ लिहिले होते: ‘ऊन’. त्याखाली माझी नोंद करायला मी पेन उचलले, तेवढ्यात काकांनी ते माझ्या हातातून घेतले आणि माझ्या नावापुढे लिहिले: ‘टाकी’.