पुरुष म्हणून आजारी, बाई म्हणून ठणठणीत

"प्रोलॅक्टिन कोणाचं आहे?"

कुणीतरी गेटासमोर आडवी गाडी लावून गेल्यावर वॉचमन जसा ओरडतो, त्या आवाजात लॅबच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. मी हात वर केला. तिनं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "नाही सर, प्रोलॅक्टिन. बाईंचं असेल ते." बाकावर आठ माणसं होती. आठही माना वळल्या.

माझंच होतं. वास्तविक डॉक्टरांनी साखर आणि थायरॉइड एवढंच बघायला सांगितलं होतं. पण दोन सुट्या टेस्ट करण्यापेक्षा पॅकेज घ्या, एकाच सुईत बासष्ट होतील, असं लॅबवाले म्हणाले आणि मी भुललो. आपल्याला बासष्टातल्या साठ गोष्टी कशाला हव्यात, हे विचारायचं सुचलं नाही. आता एकसष्ट आकडे साध्या टाइपात आले होते आणि एकच ठळक: प्रोलॅक्टिन १९.८. शेजारी चांदणी. चांदणीशेजारी 'एच', म्हणजे हाय.

रिपोर्ट घेऊन मी बाकावर टेकलो. शेजारी एक काका होते. त्यांच्या मांडीवर कप्प्याकप्प्यांची एक फाईल होती, इतकी जाड की तिला दोन रबरबँड लावले होते.

"बघू," काका म्हणाले. 'बघू का' असं नाही. मी उत्तर देईपर्यंत कागद त्यांच्या हातात गेलाही होता.

"ठळक आहे."

"हो, दिसलं मला."

"चांदणीपण आहे."

"हो."

"दोन्ही असणं बरं नाही." खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या रिपोर्टवर, माझ्या आकड्याभोवती, परस्पर गोल केला. "हा तो दुधाचा हार्मोन ना?" आणि माझ्या शर्टाच्या खिशाच्या उंचीवर नजर लावून त्यांनी मिनिटभर अगदी शास्त्रीय निरीक्षण केलं. "अजून तरी काही दिसत नाही."

पलीकडच्या बाईंना एकदम खोकल्याची उबळ आली.

"पुरुषांतही असतो तो थोडा," मी म्हणालो.

"थोडा म्हणजे पंधरापर्यंत. हे काय, छापलंय." मग त्यांचं पेन एक ओळ खाली सरकलं आणि चेहरा उजळला. "अहो, पण इथे बसताय की तुम्ही! हे बघा. 'स्त्रिया, गर्भवती नसलेल्या, पंचवीसपर्यंत.' यात तुम्ही अगदी व्यवस्थित आहात."

म्हणजे माझी वैद्यकीय परिस्थिती अशी: पुरुष म्हणून आजारी, बाई म्हणून ठणठणीत. समाधानाची गोष्ट एवढीच की गर्भवती नसल्याचं त्यांनी निःशंकपणे मान्य केलं होतं.

आता ही 'नॉर्मल रेंज' नावाची चीज कशी बनते, ते मी त्या रात्री जागून वाचलं. वाचून झोप लागेल असं वाटलं होतं. उलट डोकं फिरलं. निरोगी माणसं जमवायची, रीतीप्रमाणे निदान १२०. सगळ्यांचं रक्त काढायचं, आकडे चढत्या क्रमानं मांडायचे आणि मधले ९५ टक्के ठेवून दोन्ही टोकं छाटायची. १२० मध्ये हा हिशेब खालचे तीन आणि वरचे तीन असा येतो. त्या सहा जणांना झालेलं काहीच नसतं. ते निरोगी म्हणूनच बोलावलेले असतात. त्यांनी सकाळी उठून परोपकार म्हणून दंड पुढे केला आणि बक्षीस म्हणून त्यांना रेघेबाहेर काढलं. निरोगी वीस जणांतला एक प्रत्येक टेस्टमध्ये 'अबनॉर्मल' निघणार, हे रेघ ओढतानाच ठरलेलं असतं.

आणि हे एका टेस्टचं झालं. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट एका धडधाकट माणसाच्या केल्या, तर एक तरी ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के. पॅकेजात बासष्ट होत्या. त्यातल्या बऱ्याच एकमेकींच्या चुलत बहिणी असतात, त्यामुळे गणित इतकं सरळ लागत नाही, पण माझ्या रिपोर्टात एकच चांदणी निघाली याबद्दल खरं तर माझा सत्कार व्हायला हवा होता. हे पॅकेज विकताना कुणी सांगतं का? नाही. रिपोर्टच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात 'क्लिनिकली कोरिलेट करा', म्हणजे लक्षणांशी ताडून बघा, एवढं छापलं की लॅब मोकळी. आकडा ठळक आणि खुलासा बारीक. हे उलटं छापायला शाई जास्त लागते का?

१९६९ साली फिनलंडमधल्या ग्रेसबेक आणि सारिस या दोघांनी 'नॉर्मल' हा शब्दच टाका, 'रेफरन्स' म्हणा, असं सुचवलं होतं. लॅबवाल्यांनी ते मानलंही, कॉलमवर 'रेफरन्स' छापलं. आपण मात्र आजतागायत तो 'नॉर्मल' म्हणूनच वाचतो आणि त्यांना ते ठाऊक असतं.

असो. काका.

काकांनी आता स्वतःची फाईल उघडली होती. साल, महिना, लाल-निळ्या खुणा, मधूनमधून हातानं काढलेले आलेख. त्यांचं तत्त्व असं की रेंजमध्ये असून भागत नाही, बरोबर मध्यावर असावं लागतं. थायरॉइडच्या टेस्टमधल्या टीएसएचची रेंज ०.४ ते ४, म्हणजे मध्य २.२. त्यांचा एकदा २.१ आला होता. ते पान त्यांनी मला दोनदा दाखवलं. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो, त्यामुळे जेवणानंतर रक्त दिलं असतं तर त्याच दिवशी वेगळा आकडा आला असता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तरी सांगायचं धाडस झालं नसतं. माणूस किती खूश होता.

"व्हिटॅमिन डीनं मात्र फसवलं," ते हळहळले. एका लॅबमध्ये त्यांचं डी ६२ आलं होतं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये २५. सदतीस कुठे गेलं, या विवंचनेत काका महिनाभर रोज गच्चीवर उघड्या अंगानं उन्हात बसले. कातडी सोलली. मी दोन्ही कागद शेजारी धरले. एकावर नॅनोमोल प्रति लिटर होतं, दुसऱ्यावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. अडीचनं भागलं की ६२ चे २५ होतात. डी होतं तिथेच होतं.

मी हे सांगितल्यावर काका बराच वेळ गप्प बसले.

"पण मग पहिल्यानं 'पुरेसं' आणि दुसऱ्यानं 'कमी' का छापलं?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. त्याचं उत्तर असं की २०११ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेनं नॅनोग्रॅमच्या मापात वीसच्या वर पुरे म्हटलं आणि त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीनं तीस हवं म्हटलं. ज्या लॅबनं जी रेघ उचलली, तिच्या हिशेबानं काका सुदृढ किंवा खंगलेले. पुढे २०२४ मध्ये त्या सोसायटीनंच तिसाचा आग्रह सोडून दिला. साखरेचंही तेच. २००३ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं उपाशीपोटीच्या साखरेची रेघ ११० वरून १०० वर आणली. म्हणजे १०५ वाला माणूस रात्री निरोगी झोपला आणि सकाळी काठावरचा म्हणून उठला. जागतिक आरोग्य संघटनेनं ११० तशीच ठेवली, त्यामुळे त्यांच्या हिशेबात तो अजून झोपलेलाच आहे.

काकांनी फाईल मिटली. आता सूड घेणं भाग होतं. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "केसांच्या गोळ्या घेता का हो?"

"घेतो. का?"

"वाटत नाही."

या वेळी खोकल्याची उबळ तिघांना आली.

"नाही, त्यात बायोटिन असतं. त्यानं काही मशिनं फसतात. थायरॉइड चुकीचं दाखवतात." चीड याची की हे अगदी खरं निघालं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०१७ साली तसा इशाराच दिला आहे. म्हणजे डोक्यावर एक केस न उगवणारी गोळी माझा टीएसएच मात्र बसल्या जागी खाली ओढू शकते. ज्या एकसष्ट आकड्यांवर मी विसंबून होतो, त्यांच्यातही आता फितुरी आली.

ते दोन दिवस कसे गेले ते मला विचारू नका. प्रोलॅक्टिन पिट्युटरी नावाच्या ग्रंथीतून येतं, पिट्युटरी वाटाण्याएवढी असते आणि नाकाच्या मुळामागे खोल बसलेली असते, एवढी माहिती माणसाला रात्री दोन वाजता पुरते. मी आरशासमोर उभा राहून नाकाचं मूळ दाबून पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट घेतला. पेनाचा गोल पाहून "हे कुणी केलं?" विचारलं, आणि मग म्हणाले, "रक्त काढताना घाबरला होतात?"

आता खरं सांगतो. उठल्या उठल्या, तोंडावर पाणी मारून, पहिला नंबर लागावा म्हणून मी धावत गेलो होतो. शीर सापडेना. डाव्या हाताला एकदा, उजव्याला दोनदा टोचलं. तिसऱ्या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधला मे महिना पाठ म्हणत होतो.

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. प्रोलॅक्टिन झोपेत चढतं, ताणानं चढतं, नुसत्या सुईच्या भीतीनंही चढतं. पिट्युटरीत गाठ वगैरे असेल तर आकडे बहुधा पुष्कळ वरचे असतात. पुन्हा करा, पण उठल्यावर दोन तास जाऊ द्या आणि आधी अर्धा तास शांत बसा.

म्हणजे ज्या सुईनं मोजलं, तिनंच वाढवलं होतं. आणि हे लॅबमध्ये कुणी आधी सांगायचं? 'उपाशीपोटी या' हे चारदा सांगतात. 'घाबरू नका, आकडा वाढतो' हे सांगितलं असतं तर अर्थात मी जास्तच घाबरलो असतो, पण तो मुद्दा वेगळा.

पुन्हा गेलो. अर्धा तास डोळे मिटून बसलो. काका होतेच. मी मूठ उघडझाप करायला लागलो तशी त्यांनी लांबून हाक दिली, "मूठ हलवू नका, पोटॅशियम वाढतं!" माझं पोटॅशियम कुणी मोजत नव्हतं. तरी मी मूठ सोडली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. ११.४. टाइप साधा, चांदणी नाही. मी वर नजर नेली. माझं नाव, माझं वय, आणि पुढे लिंग: स्त्री. शेजारी रेंजही त्याच मापाची, पंचवीसपर्यंत.

काउंटरवरच्या मुलीला दाखवलं. तिनं कागद उलटसुलट पाहिला. "दुरुस्तीला अर्ज द्यावा लागेल, सर. दोन दिवस लागतील." मग ती थोडी पुढे झुकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पण नॉर्मल आलंय ना? मग राहू द्या की."