अगदी ओरिजिनलसारखी!

जून लागला की आमच्या बेळगावात वीज येते ती निरोप घ्यायलाच. शहापुरातल्या काही दुकानांचे हिशोब मी बघतो, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी ही माझी चैन नव्हे, पोटापाण्याचा प्रश्न आहे. आणि तिची अवस्था अशी, की वीज गेली की पंख्याची पाती थांबायच्या आत स्क्रीन काळी.

पुण्याचा मेव्हणा म्हणाला, "भावजी, ओरिजिनलच घ्या." पुण्यात बसून असं म्हणायला काय जातंय! मॉडेल बंद होऊन वर्षं लोटली, कंपनी आता त्याची बॅटरी काढत नाही. गोदामाच्या कोपऱ्यात एखादी उरली असेलही, पण लिथियमची बॅटरी न वापरताही पडल्यापडल्या म्हातारी होते. सीलबंद खोक्यातून म्हातारीच घरी आणायची, तर ओरिजिनलचे पैसे कशाला मोजा?

खडेबाजारातल्या दुकानदाराने माझी शंका ऐकूनही घेतली नाही. "कंपनीची मिळत न्हाई ओ काका. ही कंपॅटिबल हाय. अगदी ओरिजिनलसारखी!"

"वॉरंटी?"

"सहा महिने. फुगली तर न्हाई, जळली तर न्हाई, पाणी गेलं तर न्हाई."

"मग कशाची?"

"बाकी सगळ्याची हाय की ओ!"

आता गंमत बघा. माझ्या बॅटरीत सहा गोल सेल, प्रत्येकी १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, धातूच्या कवचातले. फुगतात त्या पातळ लॅपटॉपमधल्या चपट्या पिशव्या. फुगल्या की टचपॅड वर उचलतात. म्हणजे जे माझ्या बॅटरीला होणंच अवघड, ते त्याने आधी वगळून टाकलं होतं.

स्टिकरवर ७८०० एमएएच, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप. जुनीवर ४४००. हिशोबाचा माणूस मी, भागाकार केल्याशिवाय राहवतंय होय? दोन-दोन सेलांच्या तीन जोड्या; बेरीज होते ती जोडीतल्या दोघांचीच, जोड्या एकीमागे एक लावल्याने हा आकडा वाढत नाही. म्हणजे एका सेलच्या वाट्याला ३९००. या मापाचा चांगल्यातला चांगला सेलसुद्धा सहसा साडेतीन हजारांच्या आसपास दमतो. मग शेजारच्या मिठाईच्या दुकानात गेलो, पावशेर कुंदा घेतला आणि त्या भिडेवर दोन्ही बॅटऱ्या काट्यावर ठेवून घेतल्या. नवी चांगली पन्नासेक ग्रॅमनी हलकी! दम दुपटीच्या जवळ आणि माल कमी. कुंदेवाला काट्याकडे बघत म्हणाला, "भाव काय किलोचा?"

तरी घेतली. नसलेल्यापेक्षा हलकी बरी.

घरी येऊन विंडोजमधल्या पॉवरसीएफजी या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढला. मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता, शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत सारखी. इतका जुळलेला ताळेबंद दिसला की मला घामच फुटतो. बॅटरीत किती उरलंय हे लॅपटॉप स्वतः मोजत नाही. बॅटरीतल्या चिपला विचारतो आणि ती सांगेल ते टक्के आपल्याला दाखवतो. नव्या चिपमध्ये कारखान्यात जे भरलं, तेच ती सुरुवातीला बोलते. २० तारखेला, जीएसटीचं ३बी हे रिटर्न भरताना, ओटीपी मोबाइलवर आला, मी पहिले तीन आकडे टाकले आणि ४१ टक्क्यांवर लॅपटॉपने डोळे मिटले.

शिवाय लॅपटॉप सुरू करताना रोज एक निरोप येतो: ही बॅटरी आमच्या कंपनीची दिसत नाही, पुढे जायचं तर कळ दाबा. मला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही नेमके कुणाचे, हे आम्हाला १९५६ पासून विचारतायत. कळ दाबून पुढे जायची सोय मात्र अजून कुणी दिलेली नाही.

दुकानदाराला फोन केला. "काका, फुल चार्ज करा, पुरी उतरवा, परत फुल करा. टक्का जाग्यावर येतंय." सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. मापक चिपला आपला अंदाज सुधारायला अशी एखादी पूर्ण फेरी लागते. उतरवायला वेगळे कष्टही नकोत, ते काम आमच्याकडे सरकारी खर्चाने होतं.

आता टक्के बरेच खरं बोलतात आणि सव्वा तास हमखास मिळतो. अडचण एवढीच, की वीज जाते तेव्हा राउटरही जातो, आणि वीज परत येते तेव्हा इंटरनेटवाल्याचा माणूस खांबावर चढलेला असतो.