बैठकीत चालतील, महालक्ष्म्यांपुढे नकोत

मे महिन्यात नागपुरात ज्याने एकदा तरी फुलदाणी सजवून पाहिली आहे, त्याला मी कृत्रिम फुलांवरून बोल लावणार नाही. पारा ४५ अंशांवर गेला की बर्डीच्या फूलबाजारातून सकाळी आणलेले गुलाब कूलर सुरू असतानाही दुपारी माना टाकतात, आणि नवतपात तर देठ तिरपे कापून, पाणी बदलूनही ते दुसरा दिवस काढत नाहीत. म्हणून गेली सहा वर्षे आमच्या बैठकीत उन्हाळाभर कापडी फुले असतात आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

मात्र फूल खरे वाटणे केवळ किमतीवर अवलंबून नसते. लेटेक्सचा मुलामा दिलेल्या पाकळ्या बोटांना गार आणि किंचित ओलसर लागतात हे खरे, तरीही ट्यूलिपचा महागडा गुच्छ पाहुणे दारातूनच ओळखतात, कारण आपल्या उन्हाळ्यात ट्यूलिप कुणाच्याही घरी पाहिलेले नसतात. निशिगंधाची गोष्ट वेगळी आहे. त्याची दांडी खालून वर उमलत जाते, म्हणजे खालची फुले पूर्ण उघडलेली, मधली अर्धवट आणि शेंड्याच्या कळ्या हिरवट, घट्ट मिटलेल्या असतात. इतवारीत मी पाहिलेल्या बहुतेक दांड्यांवर सगळी फुले एकसारखी उघडी होती. बरेच हिंडल्यावर कळ्या असलेल्या तीन दांड्या मिळाल्या. घरी आणून त्यांच्यातील तार जराशी वाकवली, उंची कमीजास्त केली, तेव्हा शेजारच्या काकू वास घेण्यासाठी खाली वाकल्या. अशा फुलांवर अत्तर शिंपडावे असे अनेकजण सुचवतात, पण ते मला मुळीच पटत नाही.

ही फुले सांभाळावी लागतात, हे बहुतेक घरांत विसरले जाते. कूलरच्या दमट हवेने देठातील तार गंजते आणि हिरव्या कागदी पट्टीवर तपकिरी डाग उमटतात. खिडकीतल्या उन्हाने लाल रंग महिन्याभरात विटतो. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने एक पाकळी पुसून रंग सुटतो का ते पाहावे, सुटत नसेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन फुले सावलीत उलटी टांगावीत. मृग लागला की मी ती खोक्यात ठेवते, कारण तोवर अंगणात तगर फुललेली असते.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात तेव्हाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ही पोस्ट खरे तर त्यासाठीच लिहिते आहे. देवापुढचे फूल वाहिले जाते, सुकते आणि निर्माल्य होते. अलीकडे मखराला प्लास्टिकच्या लडी, दाराला प्लास्टिकचे तोरण आणि मुखवट्यांभोवतीही त्याच माळा दिसतात. गेल्या वर्षी विसर्जनानंतर आमच्या वसाहतीतील निर्माल्य खतासाठी निवडायला मी बसले होते. खरा झेंडू काळा पडून हाताला चिकटत होता आणि त्याखालून प्लास्टिकचा झेंडू दोऱ्यासकट, जसाच्या तसा केशरी निघत होता. दोन तास निवडूनही त्या ढिगात प्लास्टिकच्या पाकळ्यांचे तुकडे राहिलेच.

शेतकरी झेंडू आणि शेवंती गणपती ते दिवाळी हे दिवस डोळ्यांपुढे ठेवून लावतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण एकदा घेतलेली माळ पाच वर्षे वापरतो. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, पण त्या यादीत प्लास्टिकची फुले नव्हती. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत त्यांच्यावरही बंदीची मागणी झाली. देवघर आणि उंबरठा यांच्यापुरता निर्णय तर आपण आजच घेऊ शकतो.

यंदा जाऊबाईंना मी कळवले आहे की मखराच्या लडी माळ्यावरच राहू द्याव्यात. झेंडू आणि शेवंती मी बर्डीवरून आणीन, फक्त माळा गुंफायला आदल्या रात्री दोघी-तिघींनी यावे.