'एक जुना देणगीदार' यांना उत्तर : 'दुकानदारी' या शब्दाबद्दल

संस्थांनी आपल्या कामाची गोष्ट सांगायला शिकलं पाहिजे, या माझ्या लेखावर 'एक जुना देणगीदार' अशा सहीने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ती नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेखातली ऊसतोड कुटुंबातल्या मुलीची गोष्ट वाचून या वाचकांना वाटलं की मी 'गरिबांच्या दुःखाची दुकानदारी' शिकवते आहे. संस्थांनी गोष्टी सोडून आकडे द्यावेत, असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या घरच्यांची परवानगी घेतली होती का, हे लेखात कुठे नाही. पत्रकं आणि व्हिडिओंवर देणगीतला किती पैसा जातो, हे कोणी सांगत नाही. शिवाय साखरशाळा आणि हंगामी वसतिगृह यांची मी गल्लत केली आहे.

यातलं शेवटचं बरोबर आहे. साखरशाळा साखर कारखान्याच्या परिसरात, मुलं ऊस तोडायला निघालेल्या आईबापांबरोबर तिकडे गेल्यावर त्यांच्यासाठी भरते. हंगामी वसतिगृह गावातच असतं, मुलांनी जाऊच नये म्हणून. मी दोन्ही एकाच दमात लिहून गेले. आज दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे मी मनापासून म्हणते आहे.

आता दुकानदारी.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात, एस.टी. थांब्याच्या समोर. आमचं घर त्यावर चाललं, माझं शिक्षण त्यावर झालं. त्यामुळे हा शब्द कोणी शिवीसारखा वापरला की मला तो आधी घरात ऐकू येतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी मजूर जमवणाऱ्या मुकादमाची गाडी यायची, त्याच्याकडून आगाऊ पैसे म्हणजे उचल घेतलेली जोडपी पोरं, भांडी, शेळ्या घेऊन चढायची आणि अर्धं गाव रिकामं व्हायचं. जायच्या आदल्या दिवशी वडिलांच्या दुकानात गर्दी असायची. तेल, मीठ, चहापत्ती, काडेपेट्या, बहुतेक सगळं उधार. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परतली की हिशेब व्हायचा. कधी व्हायचा, कधी पुढच्या वर्षावर जायचा.

वडिलांच्या लाल चोपडीत नाव आणि रक्कम एवढंच लिहिलेलं असे. पण चोपडी उघडली की ते रक्कम वाचत नसत. हिचा नवरा उसाच्या फडातच पडला, याच्या बैलाचा पाय मोडला, ही पोटुशी होती तरी मोळ्या वाहत होती, हे ते वाचत. ते चोपडीत नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. कोणाला थांबायचं, कोणाला आठवण द्यायची, कोणाकडे विषयच काढायचा नाही, हे ते त्यावरून ठरवत. गोष्ट म्हणजे काय आणि ती पैशाच्या व्यवहारात कशाला लागते, हे मी तिथे पोत्यावर बसून शिकले. कोणत्याही कार्यशाळेत नाही. तेव्हा 'दुकानदारी' म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे जे असेल ते असो, माझ्यापुढे हे आहे. तुम्ही 'मला असं वाटतं' एवढे तीन शब्द जरी आधी लिहिले असते, तरी मी इतकं लांबलचक लिहिलं नसतं.

आणि देणगी मागणं हेच जर कमीपणाचं असेल, तर मग महर्षी कर्व्यांचं काय करायचं? १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढल्यापासून ते वर्गणीसाठी लोकांच्या दारी जात राहिले. १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप-अमेरिकेच्या प्रवासाला निघाले, पुढे आफ्रिकेतही गेले, आणि महिला विद्यापीठासाठी जाईल तिथे बोलत, पैसे जमवत राहिले. तिथल्या माणसांना त्यांनी नुसती विद्यार्थिनींची संख्या सांगितली असेल, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

तुम्ही लिहिता, 'आकडे द्या, आकडे खोटं बोलत नाहीत.' ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या आमच्या संस्थेसाठी देणगी मागणारं माझं पहिलं विनंतीपत्र आकड्यांचंच होतं. किती गावं, किती मुलं, शाळा किती महिने बुडते, एका मुलाच्या जेवणाचा खर्च किती. चार पानं, तीन तक्ते. तक्ते करायला मला आठ दिवस लागले होते. पत्र साठ-सत्तर जणांना पाठवलं आणि दोघांनी पोच दिली. पुढच्या वर्षी तक्ते मागच्या पानावर टाकले आणि पुढे एकच परिच्छेद लिहिला : अकरा वर्षांची मुलगी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, अंधारात उठते, भाकरी थापते, आईबाप फडात गेल्यावर धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, भाऱ्याजवळ बसते, आणि तिचं पाचवीचं पुस्तक गावी तिच्या आजीच्या ट्रंकेत आहे. त्या ट्रंकेतल्या पुस्तकाबद्दल विचारायला मला पुण्याहून, नाशिकहून फोन आले. त्या वर्षी आमचं वसतिगृह पूर्ण हंगाम चाललं. हे मी कुठे वाचून सांगत नाही. मी तिथे होते.

वाचलेलंही सांगते, कारण तुम्हाला पुरावा लागतो. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच डॉलर देऊन त्यातले हवे तेवढे दान करा म्हटलं. आफ्रिकेतल्या भुकेची आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचलेल्यांनी २.३८. आणि मुलीच्या गोष्टीला आकडेवारी जोडून दिली तेव्हा दान वाढलं नाही, १.४३ वर घसरलं. तुम्ही सुचवता तेच, म्हणजे नुसते आकडे देणं, तिथे करून पाहिलं होतं.

आपल्या बीड जिल्ह्याचंच घ्या. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात, हे २०१९ साली राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. हा आकडा आला कुठून? खाडा झाला की मुकादम दंड कापतो, पाळीच्या दुखण्यात मोळी उचलवत नाही, डॉक्टर म्हणाला पिशवी काढून टाक म्हणजे कटकट जाईल, हे आधी बायका बोलल्या. कोणीतरी ते लिहिलं. मग मोजणी झाली. त्या बायका बोलल्या नसत्या तर मोजायला कोण गेलं असतं? त्या बातम्यांनी काही गावांच्या कपाळी जी ओळख चिकटवली ती मलाही आवडलेली नाही, पण तो वेगळा विषय आहे.

दुकानदारी मी पाहिली आहे, फक्त ती तुम्ही म्हणता तिथे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं, आणि आमच्यासारख्यांच्या खेपा त्यांच्या कचेऱ्यांकडे सुरू झाल्या. एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याने माझ्यासमोर आमचे फोटो चाळले आणि विचारलं, 'सगळी हसतायत. एखादं रडणारं नाही का?' मी फाइल मिटली आणि उठून आले. त्या वर्षी आम्ही दोन महिने पगार घेतले नाहीत. पगार न घेता काढलेले ते दोन महिने आजही अंगावर येतात, म्हणून तुमच्या एका शब्दाने एवढं लागलं. घरात बसून हा शब्द टाइप करायला अर्धा मिनिट लागला असेल.

परवानगीबद्दल. मुलीचं नाव, गाव, वय बदललेलं आहे. सोळा वर्षं ज्यांच्या ओसरीवर बसून जेवले, त्यांच्याशी माझं काय बोलणं झालं याचा पंचनामा मी इथे मांडणार नाही. तिच्या आईला माहीत आहे. तेवढं पुरे.

पत्रकांच्या खर्चाचं म्हणाल तर संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातात. ज्याला बघायचे त्याने बघावेत.

शेवटी तुम्ही म्हटलं आहे की गोष्टी सांगणाऱ्या संस्थांना यापुढे एक पैसाही देणार नाही. तो तुमचा अधिकार आहे, मी काही बोलणार नाही. फक्त ही धमकी माझ्याकडे पाठवलीत ते चुकलं, कारण ती पोचते त्या मुलांना, आणि त्यांनी माझा लेख वाचलेला नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतील, तेव्हापासून मी वसतिगृहांच्या कामात असेन आणि इथे उत्तरं द्यायला फारशी सवड होणार नाही. त्याआधी लिहायचं असेल तर जरूर लिहा. पण खाली तुमचं नाव लिहा. माझं वर लिहिलेलं आहे.