आधी रुंदी विचारा, मग इंच

काकांना नवा मोबाइल घ्यायचा होता आणि त्यांची अट एकच होती, "सगळ्यात मोठा स्क्रीन दाखवा." बडोद्याच्या दांडिया बाजारात, लकडी पुलाच्या अलीकडे, एका फरसाणवाल्याला लागून आमचा ओटा आहे. या एका वाक्यावरून तिथे जो वाद पेटला, तो फरसाणवाल्याचं शटर अर्धं खाली येईपर्यंत चालला. मी या वादात एका बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. आपण मोबाइल भलत्याच आकड्यावरून घेतो आणि त्याचा त्रास पुढची तीन-चार वर्षं आपल्या अंगठ्याला होतो, असं माझं ठाम मत आहे.

वादाला मंडळी नेहमीचीच होती. काका बँकेतून निवृत्त झालेले. मास्तरांनी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं. वहिनी फिजिओथेरपिस्ट. शेठचं मरीमातेच्या खांच्यात मोबाइलचं दुकान आहे, म्हणजे बडोद्यात मोबाइल घ्यायचा तर अर्धं गाव जिथे जातं त्याच गल्लीत. आणि काकांची पुतणी, जी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते.

"मोठा कशाला हवा?" मास्तरांनी विचारलं.

"डोळे! दुसरं काय? सकाळचा पेपर आता मोबाइलवरच वाचतो. अक्षर मोठं दिसायचं तर स्क्रीन मोठा नको?"

"आत्ताचा किती इंची आहे?"

"सहा पूर्णांक सात."

"हे सहा पूर्णांक सात कुठून कुठपर्यंत मोजलेत?"

काका गप्प. शेठ म्हणाला, "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकं."

"आणि तुम्ही वाचता तिरकं की आडवं?"

मास्तरांनी फरसाणवाल्याकडून एक कागद मागून घेतला आणि त्यावर काटकोन त्रिकोण काढला. २०११ मध्ये सॅमसंगने पहिला गॅलेक्सी नोट आणला तेव्हा त्याच्या ५.३ इंची स्क्रीनला लोक हसले होते, पाटी कानाला लावल्यासारखं दिसतं म्हणून. त्या स्क्रीनच्या उंची-रुंदीचं प्रमाण १६ ला १० होतं. आजच्या बहुतेक मोबाइलचं २० ला ९. मास्तरांनी वर्ग केले, वर्गमूळ काढलं आणि कागद काकांपुढे धरला. जुन्या ५.३ इंची नोटच्या स्क्रीनची रुंदी साधारण ७१ मिलिमीटर, आणि काकांच्या ६.७ इंची स्क्रीनची साधारण ७०.

"म्हणजे दहा-बारा वर्षांत दीड इंच वाढला आणि आडवी ओळ एक मिलिमीटर कमी झाली?" काकांनी कागद उलटून पाहिला. "हे कसं काय?"

"वाढला तो उंचीने. तुम्हाला ओळी जास्त दिसतात, अक्षर मोठं दिसत नाही. अक्षराचा आकार सेटिंगमध्ये ठरतो. तो एक घर वाढवा, ६.१ इंचीवरही पेपर वाचता येईल."

इथे मी मध्ये पडलो, कारण मराठी वाचणाऱ्याची अडचण थोडी वेगळी आहे. आपल्या अक्षराला वर रफार, वेलांटी, मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजी ज्या मापात आरामात वाचता येतं, त्याच मापात आपली जोडाक्षरं चिकटून एक होतात. तेव्हा अक्षर मोठं करावं लागणार हे खरं. पण मोठं केलं की ओळीत शब्द कमी बसतात, आणि ओळीची लांबी स्क्रीनच्या रुंदीवरून ठरते. इंचाचा आकडा त्याबद्दल काही सांगत नाही. ६.७ वरून ६.९ वर गेलं तर काकांना ओळीमागे जेमतेम दोन मिलिमीटर जास्त मिळतात.

"दोन तर दोन," काका म्हणाले, "मिळताहेत ना? मग नुकसान काय?"

वहिनी तोवर ऐकत होत्या. त्यांनी काकांच्या हातातला मोबाइल घेतला, फरसाणवाल्याच्या काट्यावर कागद ठेवला आणि त्यावर मोबाइल. दोन-दोन ग्रॅमने पुढे सरकणारा साधा काटा. आकडा २८८ वर स्थिरावला. पाकिटासारखं उघडणारं कव्हर, त्यात तीन कार्डं आणि घडी घातलेल्या नोटा. कव्हर काढलं तर २१२, तेही वरच्या काचेसकट. मग पुतणीने आपला मोबाइल ठेवला. आयफोन १३ मिनी, कंपनीच्या हिशेबाने १४१ ग्रॅम, कव्हर आणि काच धरून काट्यावर १६८. काकांनी दोन्ही मोबाइल दोन हातांत घेतले, मग हात बदलून पाहिलं. कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. एका हातात जवळजवळ सव्वाशे ग्रॅमचा फरक होता, आणि काका वर्षानुवर्षं तो खिशात घेऊन फिरत होते. शर्टाच्या खिशात. वाकले की मोबाइल बाहेर येतो ही त्यांची नेहमीची तक्रार.

माझ्या मते मोबाइलच्या खोक्यावर पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात दोनच आकडे छापले पाहिजेत: वजन आणि रुंदी. मेगापिक्सेल मागच्या बाजूला गेले तरी चालतील.

"वजनापेक्षा मला रुंदीची काळजी जास्त," वहिनी म्हणाल्या. "काका, एका हाताने टाइप करून दाखवा."

काकांनी करंगळी खाली टेकूसारखी लावली, मनगट बाहेरच्या बाजूला वळवलं आणि अंगठा पार पलीकडच्या कोपऱ्याकडे ताणला. मोबाइल हातात डुगडुगला.

"हेच. अंगठा पलीकडे नेताना दरवेळी पकड सैल होते, म्हणून बाकीची बोटं आणखी घट्ट दाबतात. दिवसभरात हे किती वेळा होतं ते मोजताही येणार नाही. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन स्नायुबंध एका अरुंद म्यानातून जातात. म्यानाला सूज आली की अंगठा उचलताना कळ येते. डी क्वेरवेन म्हणतात या दुखण्याला. स्वित्झर्लंडच्या एका सर्जनने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा मोबाइल नव्हते. हे दुखणं तान्ही मुलं सतत उचलणाऱ्या आयांमध्ये आम्ही आधीपासून पाहतो. आता तीच तक्रार घेऊन मोबाइलवाले येतात. अंगठा मुठीत दाबा आणि मनगट करंगळीकडे झुकवा. अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ गेली तर मोबाइल थोडे दिवस बाजूला ठेवा आणि कुणाला तरी दाखवा."

ओट्यावर सगळ्यांनी मुठी वळल्या. काकांनी तोंड वाकडं केलं. ते काही बोलले नाहीत आणि वहिनींनीही त्यावर जास्त बोलायचं टाळलं.

शेठ मात्र आता सरसावला. त्याचं म्हणणं मी जमेल तितकं त्याच्याच शब्दांत देतो, कारण आमच्या बाजूला खरा अडवणारा मुद्दा त्याचाच होता.

"तुम्ही सगळे बरोबर बोलताय, पण गल्ल्यावर मी बसतो. लहान मोबाइल निघाले नाहीत का? निघाले. ॲपलने २०२० मध्ये १२ मिनी काढला, २०२१ मध्ये १३ मिनी. २०२२ मध्ये नवा मिनी आलाच नाही, त्या जागी १४ प्लस आला, २०३ ग्रॅमचा. आसुसने झेनफोन ९ आणि १० असे ५.९ इंचात काढले, लोकांनी इंटरनेटवर डोक्यावर घेतले. २०२४ मध्ये त्याच कंपनीचा पुढचा झेनफोन आला तो ६.७८ इंची. कंपन्या वेड्या आहेत का? लहान मोबाइलचं कौतुक सगळे करतात, पैसे मोठ्यावर टाकतात. आणि का टाकतात ते ऐका. माझ्याकडे पंधरा हजारांत मोबाइल घेणारा रिक्षावाला येतो. त्याच्या घरात तो एकच स्क्रीन असतो. दुपारी तो स्टँडवर मॅच बघतो, संध्याकाळी पोरगी त्याच्यावर अभ्यास करते, रात्री घरातले सगळे मिळून सिरियल बघतात. त्याला मी सांगू, भाई, तुझ्या अंगठ्यासाठी लहान घे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही पूर्ण नाही. ज्या घरात मोबाइल हाच टीव्ही, हीच वही आणि हीच बँक आहे, तिथे मोठा स्क्रीन ही चैन नाही. हे शेठने बोलून दाखवलं ते बरं झालं. पण काकांच्या घरी भिंतीवर टीव्ही आहे, टेबलावर पुतणीचा लॅपटॉप आहे. त्यांनी रिक्षावाल्याच्या गरजेचं ओझं का वाहावं?

आणि पुतणीने काय करावं? तिने ते स्पष्टच विचारलं. "आमच्या ड्रेसला खिसा नसतो, असला तर त्यात दोन बोटं जातात. नवरात्रात चणिया-चोळीत मोबाइल ठेवायचा कुठे? कमरेला बटवा बांधायचा आणि गरब्यात गिरकी घेतली की तो मांडीवर आपटतो. रात्री उशीर होतो म्हणून घरचे म्हणतात, मोबाइल जवळ ठेव. मिनी आहे म्हणून निभतंय. हा बिघडला की माझ्या हाताचा नवीन मोबाइल दाखव ना दुकानात."

शेठने थोडा वेळ विचार केला. "सव्वासहा-साडेसहा इंचापर्यंत खाली येतो. वनप्लस १३एस आहे, ६.३२ इंच, १८५ ग्रॅम. तुझ्या मिनीएवढा नवीन माझ्याकडे एकही नाही."

मला या विषयात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. मिनीची रुंदी ६४ मिलिमीटर होती. आज दुकानातले बहुतेक मोबाइल ७१ ते ७८ च्या दरम्यान आहेत. लहान हाताच्या माणसाला, म्हणजे कितीतरी बायकांना, पसंती करायला जागाच उरलेली नाही. लहान मोबाइलला मागणी नाही हे मला मान्य. पण थोड्यांची मागणी म्हणजे शून्य मागणी नव्हे, आणि बुटाच्या दुकानात फक्त नऊ नंबर ठेवला तर बाकीचे अनवाणी फिरतील का? ते नऊ नंबरच घालून फरफटत चालतील, आणि विक्रीच्या वहीत नऊ नंबर सगळ्यांना आवडतो असं दिसेल.

"मग जड का होतात ते तरी सांगा," काकांनी मास्तरांना विचारलं. आता त्यांना खरोखर रस वाटायला लागला होता.

मास्तरांचा हिशेब असा. पाच हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. लिथियम-आयन बॅटरीत एका किलोला अडीचशे ते तीनशे वॅट-तास बसतात. म्हणजे नुसती बॅटरीच ६५ ते ७५ ग्रॅम, मोबाइलच्या वजनाचा तिसरा हिस्सा. उरलेल्यात पुढची-मागची काच, कडेची पट्टी आणि कॅमेरे. काच प्लास्टिकच्या दुप्पट जड. स्टील टायटेनियमच्या जवळजवळ पावणेदोनपट. आयफोन १४ प्रो मॅक्स स्टीलच्या कडेचा होता, २४० ग्रॅम. १५ प्रो मॅक्सची कड टायटेनियमची झाली आणि वजन २२१ वर आलं.

"एकोणीस ग्रॅमने काय होतं?" शेठ म्हणाला.

"कुठले एकोणीस हे बघ. बहुतेक कडेचे. मधलं वजन कमी केलं तर फक्त भार कमी होतो. कडेचं कमी केलं तर मोबाइल हातात वळवणंही सोपं होतं, कारण अक्षापासून दूर असलेलं वजन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणून काट्यावर थोडा दिसणारा फरक हाताला जास्त जाणवतो. उलट कॅमेऱ्याचा सगळा भार वरच्या टोकाला असेल तर तेवढ्याच वजनाचा मोबाइल सारखा पुढे झुकतो."

मोठा पण हलका असाही मोबाइल असतो, हे पुतणीने दाखवलं. सॅमसंगचा एस२५ एज: ६.७ इंच, १६३ ग्रॅम, जाडी ५.८ मिलिमीटर. बॅटरी ३,९०० एमएएच. किंमत निघाली तेव्हा एक लाखाच्या वर. काकांनी किंमत ऐकून हात जोडले. त्याआधी त्यांनी विचारलं मात्र, "बॅटरी कमी म्हणजे दिवस निघेल की नाही?" घरातच असता, चार्जर उशाशी असतो, असं आम्ही म्हटलं, पण त्यांच्या वयाच्या माणसाला बॅटरी संपण्याची भीती मनगटाच्या दुखण्यापेक्षा मोठी वाटते. मला ती भीती खोटी वाटत नाही. दवाखान्यात, प्रवासात, रात्रीच्या वेळी मोबाइल बंद पडणं वाईटच.

शेवटी शेठनेच मधला रस्ता काढला. मोटोरोलाचा एज ५० निओ: ६.४ इंच, १७१ ग्रॅम, बॅटरी ४,३१० एमएएच, रुंदी ७१ मिलिमीटर. आडव्या ओळीत काकांचे तीन मिलिमीटर जातील, पण हातातले सहा मिलिमीटर आणि चाळीस ग्रॅम वाचतील. वहिनींची अट इतकीच की पाकिटाचं कव्हर नको, कार्डं वेगळी ठेवा आणि लिहायचं असेल तेव्हा बोलून लिहा, मराठी आता बरं उमटतं. ते कव्हर-कार्डांचं ओझं आज, नवा मोबाइल न घेताही उतरवता येतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

काकांनी अजून घेतलेला नाही. शेठच्या दुकानात जाऊन पलीकडच्या कोपऱ्यातलं बटण अंगठ्याने दाबून बघणार, मग ठरवणार, असं म्हणाले. मास्तरांचं मत शेवटपर्यंत वेगळं राहिलं. काका तसेही बहुतेक वेळ दोन हातांनीच मोबाइल धरतात, मग मोठ्याने काय बिघडतं, असं ते म्हणतात. मला हे पटत नाही. काका दोन हातांनी धरतात कारण तो एका हातात मावत नाही. जिना उतरताना, भाजीची पिशवी हातात असताना, स्कूटरजवळ उभं राहून यूपीआयचा आकडा टाकताना दुसरा हात मोकळा नसतो, आणि काकांच्या मोबाइलची काच आतापर्यंत जितक्या वेळा फुटली तितक्या वेळा ती अशाच ठिकाणी फुटली आहे.